ऑफिसातली दोन फुटी प्लांटेड टाकी : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

ऑफिसात माशांची आणि पाणझाडांची टाकी करायला आज होकार मिळाला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, चौदा इंच उंच. काठोकाठ धरलं तर ६०-६५ लिटर, पण खाली माती, मध्ये दगड आणि वर थोडी मोकळी जागा सोडली की खरं पाणी ५० लिटरच्या आसपास बसेल. सरांच्या मनात गोल्डफिश होते, डिझाइन टीममधला एक जण फ्लॉवरहॉर्न म्हणत होता, पण मी सुरुवातीपासून एकच सांगतोय की ऑफिसच्या टाकीचा विचार शुक्रवार संध्याकाळपासून करायचा. शुक्रवारी सातला एसी बंद, दिवे बंद, सगळे घरी, आणि मग थेट सोमवारी साडेनऊला कोणीतरी कुलूप उघडणार. त्याला जोडून सुट्टी आली की तीन-चार दिवस तिथे माणूस फिरकत नाही. एवढ्या वेळात जे आपलं आपण निभावून नेतं तेवढंच त्या काचेत असलं पाहिजे.

म्हणून सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर नाही. झाडं जोरात वाढतात त्याने, मान्य, पण सुट्टीत एखादा व्हॉल्व्ह अडकला तर बघायला कोण आहे. गोल्डफिश वीतभर होतो, घाण भरपूर करतो, कोवळी पानं खातो, त्यामुळे तोही नाही. सावकाश वाढणारी आणि काटक अशी भरपूर झाडं, मोजके छोटे मासे, आणि मासे सगळ्यात शेवटी. सरांनी विचारलं मासे कधी दिसतील, मी म्हणलं मार्चच्या आधी नाही. थोडे नाराज झाले पण ठीक आहे म्हणाले.

९ जानेवारी, गुरुवार

जागा ठरवली. पाणी ५० किलो, माती-वाळू-दगड वीसेक किलो, सहा एमएमच्या काचेचं वजन बारा किलोच्या आसपास, म्हणजे स्टँडवर ८०-८५ किलो कायमचं उभं राहणार. रिसेप्शनचं प्लायवूडचं टेबल यासाठी नाही चालणार, पाणी सांडून सांडून प्लाय फुगतो आणि मध्ये झोल पडला की काचेच्या सांध्यावर ताण येतो. फॅब्रिकेशनवाल्या दादांना एक इंची चौकोनी पाइपचा स्टँड सांगितलाय, वर १८ एमएमचा बोर्ड, त्यावर थर्माकोलची शीट.

पश्चिमेच्या खिडकीपासून लांब पाहिजे होतं, दुपारचं ऊन काचेवर आलं की शेवाळ आवरत नाही. एसीचा झोत थेट नको. पॅन्ट्री जवळ हवी, बादल्या लांबून आणायला लागल्या तर महिन्याभराने कोणी पाणी बदलणार नाही. आणि यूपीएसचा सॉकेट हवा, कारण आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते. सरांच्या आईंनी ईशान्य कोपरा सुचवला होता, तिथे सकाळचा मऊ उजेड येतो, ऊन येत नाही, पॅन्ट्रीची भिंत लागूनच आहे, त्यामुळे तोच कोपरा पक्का केला आणि त्यांनाही बरं वाटलं. इलेक्ट्रिशियनला सांगितलंय की प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवायची आणि मगच वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच खाली टपकतं, प्लगपर्यंत पोचत नाही. ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला तर लाइट तोडणारा स्विच, आहे का तेही बघून घेतलं, आहे.

११ जानेवारी, शनिवार

आज माती, वाळू, दगड. हा माझा सगळ्यात आवडता भाग.

माती : तयार अ‍ॅक्वासॉइलची पिशवी महाग पडते आणि मला खात्री आहे की पुण्यात ती घ्यायची गरजच नाही. नर्सरीतनं कोकणातली लाल माती घेतली. जांभ्याची माती, लोह भरपूर, आणि झाडांच्या मुळांना लोह लागतंच. अट एकच, तिच्यात काही मिसळलेलं नको. बहुतेक नर्सरीवाले कुंडीसाठी तयार मिक्स देतात, त्यात शेणखत असतं आणि निंबोळी पेंडही असते. शेणखताने पाण्यात अमोनिया सुटत राहतो आणि कडुनिंब किडामुंगीला मारतो तसाच टाकीतल्या जिवांनाही बाधतो. नर्सरीवाल्या काकांना तीन वेळा विचारून घेतलं, शेवटी त्यांनी न फोडलेलं पोतं दाखवलं. काळी माती अजिबात नको, ती ओली झाली की फुगते आणि चिखल होऊन मुळांना हवाच मिळत नाही. लाल माती चाळून बादलीत भिजवली, वर तरंगणारा पालापाचोळा काढला, पाणी ओतून दिलं, परत भिजवली. आठवडाभर रोज एकदा हेच.

वाळू : स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये वापरतात ती सिलिका सँड, दाणा एक ते दोन एमएम. बांधकामाची वाळू नाही घेतली, खाडीची निघाली तर त्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि मग पाणी कायम जड होत राहतं.

दगड : आपला काळा पाषाण. बाहेरचे सेइर्यू वगैरे दगड दुकानात किलोवर विकतात, दिसायला सुंदर पण पाण्याचा कठीणपणा वाढवतात. बसाल्ट पाण्यात काहीच सोडत नाही. फक्त आपल्या दख्खनच्या बसाल्टमध्ये पोकळ्या असतात आणि त्यात पांढरे स्फटिक बसलेले असतात, काही झिओलाइट, काही कॅल्साइट. वाघोलीच्या खाणींमधलं निळं कॅव्हन्साइट जगभरचे खनिज गोळा करणारे शोधतात ते अशाच पोकळ्यांमधलं. तर पांढरं काही दिसलं की त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकायचे, बुडबुडे आले तर तो कॅल्साइट, दगड बाजूला. क्रशरवरून आणलेल्या ढिगातले दोन दगड असे बाद झाले, पाच ठेवले. ब्रशने घासले, उकळत्या पाण्यातून काढले.

१३ जानेवारी, सोमवार

पाणी तपासलं. इमारतीच्या टाकीत दोन प्रकारचं पाणी येतं आणि हे आधी माहीत असलेलं बरं. कॉर्पोरेशनचं पाणी असेल तेव्हा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, १२० च्या आसपास, टँकर आला की ६०० च्या वर. मासा एकाएकी १२० वरून ६०० मध्ये गेला तर त्याला ते झेपत नाही. म्हणून नियम असा की पाणी बदलण्याआधी मीटर बुडवायचा, ३०० च्या वर दाखवला तर त्या दिवशी पाणी बदलायचं नाही, एक-दोन दिवस थांबायचं. मीटर पाचशे रुपयांच्या आत येतो, पॅन्ट्रीत खिळ्याला अडकवून ठेवला.

क्लोरिनसाठी सोडियम थायोसल्फेट. बाजारात अँटीक्लोरिन म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा हेच.

१७ जानेवारी, शुक्रवार

टाकी आली. काच स्वच्छ, सांधे एकसारखे, सिलिकॉनमध्ये कुठे बुडबुडा नाही. स्टँडवर ठेवून लेव्हल लावली, मागच्या एका पायाखाली रबराची चकती घालावी लागली. पूर्ण भरली, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि तशीच सोमवारपर्यंत सोडली. ऑफिसमधल्या मामांनी जाताना विचारलं सुट्टीत फुटली तर, मी म्हणलं फुटायचीच असेल तर आत्ता नुसतं पाणी असतानाच फुटू दे, नंतर नको.

२० जानेवारी, सोमवार

कागद कोरडा. टाकी रिकामी करून खाली इंचभर लाल माती, त्यावर दीड इंच वाळू, मागे थोडी जास्त. काचेच्या पुढच्या बाजूला माती येऊ दिली नाही, तिथे नुसती वाळू, म्हणजे समोरून बघताना मातीचा पट्टा दिसत नाही आणि मातीत हिरवं शेवाळही धरत नाही. दगड डावीकडे तीन, उजवीकडे दोन, मधली वाट मोकळी.

झाडं :

मागे वॅलिस्नेरिया, लांब फितीसारखी पानं, आपल्या तळ्यांमध्ये असतंच. त्याच्या शेजारी हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आणि रोटाला रोटंडिफोलिया, दोन्ही भारतात आपणहून उगवणारी, रोटाला तर भातखाचरातलं तण. मध्ये क्रिप्टोकोरायन वेंडटी, श्रीलंकेची. दगडांना काळ्या दोऱ्याने अनुबियास नाना आणि जावा फर्न बांधले. या दोघांचं जाडसर आडवं खोड मातीत पुरायचं नसतं, पुरलं की कुजतं. दुकानदाराने कुंडीत दाबून दिलेलं असतं, घरी आणून लोक तसंच दाबतात आणि महिन्याभरात झाड जातं.

लावण्याआधी सगळी झाडं तुरटीच्या पाण्यात दोन-अडीच तास ठेवून मग भरपूर धुतली, गोगलगायींची अंडी असतील तर मरावीत म्हणून.

डिझाइनच्या ताईंनी विचारलं की पावसाळ्यात ट्रेकला गेलो की तिथल्या ओढ्यातली झाडं आणू का. नाही आणायची. आपल्या सड्यांवर साताऱ्याच्या बाजूला वायतुरा येतो, अपोनोजेटोन सातारेन्सिस, सह्याद्रीबाहेर जगात कुठेच नाही. तो पावसाळी डबक्यात फुलतो आणि बाकीचं वर्ष जमिनीत कंद होऊन झोपतो, बारा महिने पाण्यात ठेवला तर जगणार नाही आणि तिथून एक कमी झाला तो झालाच. टाकीसाठी झाड घ्यायचं ते वाढवून विकलेलं. ताईंना पटलं, त्यांनी फोटो शोधून सगळ्यांना दाखवला.

पाणी भरताना वाळूवर ताट ठेवलं आणि मगाने त्या ताटावर ओतत गेलो. पाणी जरासं लालसर आलं, उद्यापर्यंत बसेल.

२१ जानेवारी, मंगळवार

पाणी नितळ. हीटर ५० वॉटचा, २५ डिग्रीला. मासे नाहीत तर हीटर कशाला असं अकाउंट्समधून विचारणा झाली. थंडीत रात्री बंद ऑफिसात पाणी अठरा-एकोणीसवर जातं आणि आपल्याला ज्या जिवाणूंची वाट बघायचीय ते थंडीत फार सावकाश वाढतात.

दिवा ६५०० केल्विनचा, टायमरवर, सध्या सहा तास.

२७ जानेवारी, सोमवार

लोक येऊन विचारतात की टाकी तयार दिसते, मासे का नाहीत, तर इथेच लिहून ठेवतो.

माशाच्या गिलमधून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो, उरलेलं खाणं कुजून अमोनिया निघतो. अमोनिया विष. नायट्रोसोमोनास आणि तत्सम जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि झाडांचं खाद्य. ही सगळी मंडळी पाण्यात तरंगत नसतात, फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, पानांवर चिकटून असतात आणि त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टाकी, पाणी, मासे सगळं एका रविवारी घरी नेलं की पुढच्या रविवारपर्यंत मासे मरतात त्याचं कारण हेच, आणि लोकांना वाटतं आपल्या हाताला मासे लाभत नाहीत. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण माणूस परत कधी टाकी करत नाही.

घरच्या टाकीच्या फिल्टरचा स्पंज पिळून ते काळं पाणी इथल्या स्पंजवर ओतलं, विरजण लावल्यासारखं. मातीतून थोडा अमोनिया सुटतोय, पाणी तपासायच्या किटवर ०.५ पीपीएम, म्हणजे लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम. वरून अमोनियम क्लोराइड घालणार आहे, म्हणजे कल्हईवाले वापरतात तो नवसागर, पण बाजारातल्या वडीत काय काय असतं सांगता येत नाही म्हणून केमिकलच्या दुकानातून लॅब ग्रेड घेतला. ५० लिटरला ०.३ ग्रॅम टाकला की अमोनिया २ पीपीएमने वाढतो. दागिने मोजायचा छोटा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, खतांना पण लागेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

क्रिप्टची, म्हणजे क्रिप्टोकोरायनची, जवळजवळ सगळी पानं विरघळली. मामांनी सकाळी काळजीने फोन केला की झाडं मेली. मेली नाहीत. नर्सरीत ही झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात, ती पानं पाण्याखाली टिकत नाहीत. मूळ शाबूत असतं आणि तिथून पाण्यातली नवी पानं येतात. उपटायचं नाही, जागा बदलायची नाही, फक्त कुजकी पानं काढून घ्यायची. हायग्रोफिला मात्र सुटलाय, रोज वाढलेला दिसतो.

काचेवर तपकिरी भुकटी, डायटम्स नावाचं सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत येतातच, जुन्या कार्डाने खरवडलं.

९ फेब्रुवारी, रविवार

मासे घेतले, पण ते ऑफिसात नाही नेले, घरी वेगळ्या टबमध्ये ठेवलेत. तीनेक आठवडे तिथेच राहतील. दुकानातल्या पन्नास टाक्यांचं पाणी एकाच जाळीने ढवळलेलं असतं, एखाद्याला पांढरे ठिपके आलेले असले तर सगळ्यांना देऊन ठेवतो. आजार निघायचा तो घरी निघू दे, उपचार करता येतात.

मासे फक्त एका जातीचे, झेब्रा डॅनिओ, दहा. यावर बराच विचार केला. निऑन टेट्रा सगळ्यांना आवडतो पण त्याला तापमान स्थिर लागतं. हनी गुरामी बंगाल-आसामकडचा, फार गोड मासा, पण लाजाळू, आणि झेब्राच्या धावपळीत कोपऱ्यात दबून बसतो. झेब्रा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, ओढे, भातखाचरं, उथळ डबकी यात राहणारा. तिथे दिवसाचं पाणी तापतं, रात्री गार होतं, हिवाळ्यात आणखी गार. १८ ते २८-३० पर्यंत तो मजेत असतो. एसी चालू, एसी बंद, बंद ऑफिसातला मे महिना, हे सगळं सहन करणारा मासा हवा होता आणि तो आपल्याच मातीतला निघाला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, हनी गुरामीचं पण त्याच वर्षी.

दुकानात झगमगत्या गुलाबी-हिरव्या रंगाचे झेब्रा पण होते, जनुक बदललेले. नको म्हणलं. निळ्या-सोनेरी पट्ट्यांचा साधा झेब्रा चांगल्या उजेडात आणि हिरव्या झाडांपुढे जो दिसतो त्याला तोड नाही.

दुकानदार दादा एक सकर मासा फुकट देत होते, काच साफ करतो म्हणून. सकर फूटभराच्या वर जातो. मग लोक त्याला नदीत नाहीतर तलावात सोडतात, आणि आज उजनीतल्या मच्छीमारांच्या जाळ्यात तोच येतो, जाळी फाडतो, बाजारात त्याला कोणी विचारत नाही. नाही घेतला. काचेसाठी दोन नेराइट गोगलगायी घेतल्या, त्या गोड्या पाण्यात पिल्लं वाढवू शकत नाहीत त्यामुळे संख्या वाढत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अमोनिया ०.२५, नायट्राइट इतकं की किटचा जांभळा रंग गडद. म्हणजे जिवाणूंची पहिली फळी बसली, दुसरी बसतेय. क्रिप्टला नवी पानं, बोटाच्या पेराएवढी.

सरांनी परत विचारलं. रंगाचा चार्ट दाखवला, जांभळा म्हणजे विष, निळा आला की मासे. आता तेच रोज येऊन रंग विचारतात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काल सकाळी ०.३ ग्रॅम नवसागर टाकला, आज सकाळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०. अमोनिया ते नायट्रेट ही सायकल पूर्ण. उद्या महाशिवरात्रीची सुट्टी आणि मग पुढचा शनिवार-रविवार, त्यामुळे मासे या आठवड्यात नाही आणायचे. अर्धं पाणी बदललं.

३ मार्च, सोमवार

मासे आणायचे ते सोमवारी, शुक्रवारी कधीच नाही. पाच दिवस डोळ्यांसमोर राहतात. सकाळी घरून झाकणाच्या बादलीत आणले, बादली खाली, टाकीतून हवेची बारीक नळी गाठ मारून थेंब थेंब पाणी सोडत तासभर, मग जाळीने उचलून आत. बादलीतलं पाणी टाकीत नाही ओतलं.

दुपारपर्यंत दहाही जण पुढच्या काचेशी. टाकीला झाकण आहे, झेब्रा उड्या मारतो आणि सुट्टीत फरशीवर पडलेला मासा उचलायला कोणी नसतं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे जमले होते तेव्हा सांगितलं की हाच मासा आपल्या पुण्यातल्या आयसर या विज्ञान संस्थेत आणि आघारकर संशोधन संस्थेत अभ्यासला जातो. अंडी आणि गर्भ काचेसारखे पारदर्शक, हृदय धडधडताना जिवंत दिसतं, आणि २०१३ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम छापून आला तेव्हा कळलं की माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोडीदार जनुक आहे. अकाउंट्सच्या ताई त्यानंतर बराच वेळ टाकीसमोर उभ्या होत्या.

खाण्याचा नियम : खाऊ फक्त मामा घालणार. औषधाच्या गोळ्यांची आठवड्याची डबी असते ना सात खणांची, तिच्यात मी सोमवार ते शुक्रवार पाच चिमट्या भरून ठेवतो. खण रिकामा म्हणजे आजचं खाणं झालं, कोणी दुसऱ्यांदा घालायचं नाही. शनिवार-रविवार खण रिकामेच. धडधाकट मासा चार-पाच दिवस आरामात उपाशी राहतो, आणि हे मी सगळ्यांना परत परत सांगतोय कारण प्रेमाने जास्त घातलेलं खाणंच टाकी बिघडवतं.

७ मार्च, शुक्रवार

खतं. दुकानात अर्धा लिटरची बाटली जेवढ्याला मिळते तेवढ्यात कृषी सेवा केंद्रातून वर्षानुवर्षं पुरेल इतकं मिळतं. ठिबकवाले शेतकरी वापरतात तीच विद्राव्य खतं, १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. काउंटरवरच्या काकांनी विचारलं पीक कोणतं, म्हणलं माशांची टाकी, त्यांनी पुड्या मोजून दिल्या आणि प्रमाण विचारून घेतलं, त्यांच्या नातवाकडेही टाकी आहे म्हणे.

अर्धा लिटर आरओ पाण्यात २५ ग्रॅम १३:००:४५ आणि अडीच ग्रॅम ००:५२:३४. आठवड्यातून एकदा पाणी बदललं की यातलं १० एमएल. त्याने नायट्रेट ६ पीपीएम आणि फॉस्फेट ०.७ पीपीएमने वाढतं, सीओटू नसलेल्या टाकीला तेवढं पुष्कळ. लोहासाठी चिलेटेड फेरस, १२ टक्केवालं, वेगळ्या बाटलीत, फॉस्फेटबरोबर एकत्र केलं तर साका बसतो. फवारणीचं मायक्रोन्यूट्रिएंट मिक्स मात्र नाही आणलं, त्यात तांबं आणि जस्त असतं आणि गोगलगायीला तांबं सोसत नाही.

१७ मार्च, सोमवार

धुलिवंदन धरून तीन दिवस ऑफिस बंद. सकाळी सगळ्यात आधी मासे मोजले, दहा. कमाल-किमान थर्मामीटरवर सर्वात कमी २३, सर्वात जास्त २८. खाली दोन-तीन पिकली पानं, बाकी काही नाही.

२१ मार्च, शुक्रवार

हिरवं दोऱ्यासारखं शेवाळ यायला लागलंय, वॅलिस्नेरियाच्या टोकांना. कारण दिवा. संध्याकाळी क्लायंट येतात तेव्हा टाकी उजळलेली हवी म्हणून वेळ नऊ तासांवर गेली होती. दिवा कमी करायचा आणि संध्याकाळी चालूही हवा, तर मधला मार्ग म्हणजे दोन पाळ्या, सकाळी साडेनऊ ते साडेबारा, मग चार तास अंधार, परत साडेचार ते साडेसात. एकूण सहाच तास. शिवाय सीओटूचा सिलिंडर नसलेल्या टाकीत सकाळच्या पाळीत झाडं पाण्यातला सीओटू संपवतात, दुपारच्या अंधारात माशांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातून तो परत साठतो, त्यामुळे दुसरी पाळी झाडांच्या जास्त कामी येते. दिसेल तेवढं शेवाळ जुन्या टूथब्रशवर गुंडाळून काढलं.

१ एप्रिल, मंगळवार

पाडवा आणि ईद धरून परत तीन दिवस बंद. शेवाळ जवळपास गेलं. सकाळी दिवा लागल्यावर नर माद्यांच्या मागे लागलेले दिसले, झेब्रा उजाडताना अंडी घालतो आणि लगेच स्वतःच खातो. एखादं पिल्लू झाडीत वाचलं तर वाचलं.

७ एप्रिल, सोमवार

उन्हाळा सुरू झालाय. शनिवार-रविवारी पाणी ३१ पर्यंत गेलं. मासे तेवढ्याने मरत नाहीत, प्रश्न ऑक्सिजनचा आहे. २५ डिग्रीला पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात, आणि रात्री झाडंसुद्धा ऑक्सिजन घेतात. म्हणून हीटर काढून ठेवला, फिल्टरचं तोंड वर उचललं म्हणजे पृष्ठभाग हलता राहील, आणि काचेच्या झाकणाऐवजी बारीक जाळीची चौकट करून घेतली. जाळीवर कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे, टेम्परेचर कंट्रोलरला जोडलेले, २८.५ ला चालू. पुण्याचा एप्रिल कोरडा असतो, बाष्पीभवन जोरात होतं, त्यामुळे माठाचं तंत्र इथे चालतं, मुंबईच्या दमट हवेत एवढा फरक पडणार नाही.

पंख्याने रोज लिटरभर तरी पाणी उडतं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतात, म्हणून भर घालायची ती फक्त आरओच्या पाण्याने. पॅन्ट्रीतल्या प्युरिफायरचं चालेल, त्याच्या वेस्टच्या नळीचं अजिबात नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

आंबेडकर जयंती धरून तीन दिवस बंद, बाहेर कडक ऊन. सर्वात जास्त २९.५. पाणी दीड इंच उतरलं होतं, शुक्रवारी मामांनी काठोकाठ भरून ठेवलं होतं ते उपयोगी पडलं. दहाही मासे आहेत.

२ मे, शुक्रवार

आता टाकी माझ्याशिवाय चालली पाहिजे. स्टँडच्या दाराच्या आत कागद लावला : रोज खण बघून खाणं, दर मंगळवारी दोन बादल्या म्हणजे १५ लिटर पाणी बदल, आधी टीडीएस, मग अँटीक्लोरिन, शेवटी खत. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा, नळाखाली कधीच नाही, क्लोरिनने जिवाणू मरतात. शुक्रवारी आरओने काठोकाठ भर. काढलेलं पाणी लॉबीतल्या कुंड्यांना, मनीप्लांटला त्याचा चांगला फायदा दिसतोय. या मंगळवारचं सगळं मामांनी एकट्याने केलं, मी फक्त शेजारी उभा होतो.

छाटलेली झाडं कोणीही बेसिनमध्ये, गटारात किंवा नदीत टाकायची नाहीत. मुळा-मुठेवरची जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे आणि आज दरवर्षी ती काढायला मशीन लावावी लागतात. उन्हात वाळवायची आणि कुंडीत घालायची.

हायग्रोफिला आणि रोटालाची बरीच कटिंग निघालीत. तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसने मागितलीत, त्यांना आधी लाल माती भिजवायला सांगितलंय. बाकी ज्यांना घरी न्यायचीत त्यांनी सोमवारी झाकणाचा डबा घेऊन या, कटिंग कशी लावायची ते तिथेच दाखवतो.